नाशिकच्या थंडीत सायकल चालवताय? नेक वॉर्मर कसा निवडायचा

दिवाळी आटोपली की पहाटेच्या गंगापूर रोडवर नव्याकोऱ्या सायकली दिसायला लागतात. डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला की त्यातल्या बऱ्याच पुन्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन बसतात. कारण विचारलं तर पाय दुखले असं कुणी सांगत नाही. ‘घसा धरला’, ‘कान ठणकायला लागले’, ‘घरच्यांनी बंद करायला लावलं’, हीच उत्तरं मिळतात. अंगात जॅकेट असतं, हातात मोजे असतात, पण जॅकेटची चेन संपते तिथपासून हनुवटीपर्यंतचा वीतभर भाग उघडा असतो. वारा तिथूनच आत शिरतो.

यावरचा इलाज साधा आहे: नेक वॉर्मर, म्हणजे गळ्यात घालायची कापडाची नळी. पण दुकानात गेलं की गोंधळ उडतो. बफ, नेक वॉर्मर, नेक गेटर, बालाक्लावा (डोकं, कान आणि गळा झाकणारी टोपी) अशी नावं, दीडशे रुपयांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत किमती, आणि प्रत्येक नगाबद्दल विक्रेत्याचं एकच वाक्य: ‘एकदम गरम आहे सर.’ नवखे लोक तिथेच फसतात. नाशिकची थंडी सकाळपुरती असते. पहाटे आठ-दहा अंश आणि दुपारी त्याच दिवशी अठ्ठावीस-तीस अंश, हा आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीचा नेहमीचा खेळ. त्यामुळे सगळ्यात गरम कोणता, हा प्रश्नच विचारू नका. दीड-दोन तास वारा अडवेल, घाम बाहेर जाऊ देईल आणि ऊन चढलं की घडी होऊन जर्सीच्या मागच्या खिशात मावेल, असा नेक वॉर्मर शोधायचा आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच.

१. आधी तुमची थंडी मोजा

तुम्ही किती वाजता निघता, कुठे जाता आणि किती वेगानं चालवता, यावर सगळं अवलंबून आहे.

वेळेचं आधी. जानेवारीत नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो, आणि निरभ्र रात्रीनंतरचं सगळ्यात कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असतं. म्हणजे सहाला निघालात तर पहिला तासभर थंडी वाढतच जाते. घरातून निघताना ‘आज एवढं काही नाही’ वाटलं म्हणून गळा उघडा ठेवून निघालेला माणूस सात वाजता सोमेश्वरच्या पुढे कुडकुडत असतो, त्याचं कारण हे. मोबाइलवर निघतानाचं तापमान बघू नका, सकाळी सातचं बघा.

आता वारा. हवा शांत असली तरी सायकल चालली की तुमच्यापुरता वारा सुटतोच. हवामानशास्त्रात ‘विंड चिल’ काढायचं सूत्र आहे. त्यानुसार १० अंश तापमानात ताशी २५ किलोमीटर वाऱ्यात उघड्या त्वचेला साधारण ७ अंशांसारखं जाणवतं. ८ अंशांत ताशी ४० नं उतार उतरलात तर ३ अंशांच्या आसपास. सिन्नरहून परत येताना मोहदरी घाटाचा उतार किंवा इगतपुरीच्या पुढे कसाऱ्याचा घाट पहाटे उतरलेल्यांना हे आकडे सांगायची गरज नाही.

आणि जागा. थंड हवा जड असते, ती रात्रभर सखल भागात साठते. त्यामुळे कॉलेज रोडवर एक तापमान आणि गोदाकाठी, गंगापूर धरणाच्या बाजूला, गिरणाऱ्याकडच्या मळ्यांमधून जाताना दुसरंच. निफाडचं तर सांगायलाच नको. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत ते नाव दर हिवाळ्यात येतं, आणि थंडी फार वाढली की तिथले बागाईतदार द्राक्षं वाचवायला बागांत शेकोट्या पेटवतात. पिंपळगाव-निफाड बाजूला राइड असेल तर शहरातल्या आकड्यातून दोन-तीन अंश वजा करूनच कपडे निवडा.

यावरून स्वतःला एका गटात बसवा:

- कामावर जाणारे. सातपूर-अंबडला पहिल्या पाळीला सायकलनं जाता, वीस मिनिटांचा रस्ता, वेग बेताचा. तुम्हाला नवीन काही विकत घ्यायची गरज बहुधा नाही. घरातला मफलर चालेल, फक्त त्याची टोकं जॅकेटच्या आत खोचा.
- सकाळची हौशी राइड. तास-दोन तास, वीस-पंचवीसचा वेग, त्र्यंबक रोडनं अंजनेरीपर्यंत किंवा धरणापर्यंत. हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी आहे.
- लांब पल्ल्याचे. सापुतारा, भंडारदरा किंवा ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड). पहाटे चारला सुरुवात, दुपारी ऊन, रात्री पुन्हा थंडी. तुम्हाला एकाऐवजी दोन पातळ नग लागतील.

दोन पातळ का, तर २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी दोघांच्या संघात पूर्ण केलेली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ आठवा. त्या एकाच शर्यतीत वाळवंटाची होरपळ आहे आणि रॉकी पर्वतातल्या तीन हजार मीटरहून उंच खिंडीतला गारठाही. अशा ठिकाणी एकच जाड कपडा उपयोगाचा नसतो, थर चढवावे-उतरवावे लागतात. आपली शनिवारची राइड म्हणजे काही ती शर्यत नव्हे, पण पहाटेचे आठ अंश आणि अकराचे पंचवीस यांतलं अंतरही लहान नाही.

२. दुकानात जाताना काय न्यायचं

रिकाम्या हातानं जाऊ नका. नेक वॉर्मर एकटा गळ्यात छान बसतो, भानगड बाकीच्या सामानाबरोबर होते.

- तुमचं हेल्मेट
- सायकल चालवताना वापरता तोच चष्मा किंवा गॉगल
- थंडीतलं जॅकेट किंवा पूर्ण बाह्यांची जर्सी (कॉलर किती उंच येते ते बघायला)
- शिंप्याची टेप
- केस लांब असतील तर राइडला जशी बांधता तशी पोनी बांधून जा

दुकानदार हसेल. हसू दे.

३. कापड ओळखायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. रंग, नक्षी, कंपनी हे नंतर.

मायक्रोफायबर (पॉलिएस्टर). पातळ, ताणला जाणारा, बिनशिवणीचा नळीसारखा तुकडा. स्पेनमधल्या ‘बफ’ कंपनीनं हा प्रकार जगभर नेला आणि आता कोणत्याही कंपनीच्या तुकड्याला आपण बफच म्हणतो. पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळजवळ शोषतच नाही. घाम धाग्याच्या पृष्ठभागावरून पसरतो आणि उडून जातो, म्हणून वाळायला वेळ लागत नाही. एकेरी घातला तर ऊब थोडी, दुहेरी घडी केली तर नाशिकच्या दहा-बारा अंशांना पुरेशी. मुठीत मावतो, स्वस्त मिळतो, उन्हाळ्यातही कामाला येतो. दोष एकच: वास. दोन राइड न धुता वापरलात तर तिसऱ्या वेळी तुमचं तुम्हालाच समजेल.

मेरिनो लोकर (मेरिनो जातीच्या मेंढ्यांची). माझं मत विचाराल तर नाशिकच्या हवेला हेच सगळ्यात योग्य कापड, परवडत असेल तर. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के ओल धाग्यात सामावून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. श्वासाची वाफ, मानेचा घाम, पहाटेचं दव हे सगळं झालं तरी गारठा बसत नाही. वास लवकर धरत नाही. ऊन वर आल्यावर काही वेळ गळ्यात राहिला तरी गुदमरायला होत नाही. लोकर म्हटली की आपल्याला घोंगडीची टोचणी आठवते, पण मेरिनोचा धागा वीसेक मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक असतो, मानेला खुपत नाही. लेबलवर ‘जीएसएम’ म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम, हे लिहिलेलं असतं. आपल्याकडे १५० ते २०० पुरे. २५० च्या पुढचा लेह-मनालीला जाणाऱ्यांनी घ्यावा.

दोष? किंमत. शिवाय धागा नाजूक असतो. दाढीचे खुंट, मंगळसूत्राचे मणी, जॅकेटचा वेल्क्रो हे तिघं मिळून त्याला भोकं पाडतात.

फ्लीस. हाताला मऊ, गुबगुबीत, दुकानात घातल्याबरोबर आवडणारा. इथेच सावध व्हा. दुकानात तुम्ही उभे असता, तुम्हाला घाम आलेला नसतो. ताशी पंचवीसच्या वेगात पातळ फ्लीसमधून वारा आरपार जातो. जाड फ्लीस वारा थोडा अडवतो, पण चढाला मान घामेजते. शिवाय त्याचा गोळा खिशात मावत नाही. अंगानं थंडी फार लागणाऱ्यांनी, हळू चालवणाऱ्यांनी किंवा निफाड-येवला भागात राहणाऱ्यांनी १०० ते २०० जीएसएमचा घ्यावा. बाकीच्यांनी मोह आवरावा.

आतून मऊ लव असलेलं आणि बाहेरून गुळगुळीत पॉलिएस्टरही मिळतं. फ्लीस आणि मायक्रोफायबर यांच्या मधला हा मार्ग आहे. मेरिनोचं बजेट नसेल तर हा बघा.

ॲक्रिलिक. थंडीत रस्त्याकडेला मिळणारे ‘वुलन’ नेक वॉर्मर बहुतेक याचेच असतात. विणकाम सुंदर, भाव कमी. पण विणीला भोकं असतात, त्यातून वारा घुसतो, आणि घाम-वाफ आतच अडकते. चहाच्या टपरीवर उभं राहायला उत्तम. खात्री करायची असेल तर एक सुटा धागा काढून घरी, मोकळ्या जागी, चिमट्यात धरून जाळून बघा. लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरगळते. ॲक्रिलिक-पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला टणक मणी होतो.

सुती. नको. सुती रुमाल घाम पितो आणि ओलाच राहतो, आणि घाट उतरताना तोच ओला रुमाल मानेला चिकटलेला असतो. ओढणीही सुती असेल तर तीच गत, वर ती चाकात जायची भीती वेगळी.

विंडप्रूफ. समोर वारा न शिरणारा पडदा शिवलेले महागडे नग येतात. ते शून्याखालच्या हवेसाठी आहेत. नाशिकमध्ये ते घालून दहा मिनिटांत नाकाखाली पाणी साचतं. लांब उताराचीच काळजी असेल तर जुना उपाय वापरा: घाटमाथ्यावर थांबून जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवायची. युरोपातल्या शर्यतींतले सायकलस्वार डोंगर उतरताना पिढ्यान् पिढ्या हेच करत आले आहेत. सापुताऱ्याच्या उताराला आपला पेपरही तेवढंच काम करतो, खाली उतरल्यावर वाचताही येतो.

४. माप घ्या

‘फ्री साइज’ या शब्दांवर विसंबू नका.

नळीसारखा नेक वॉर्मर डोक्यातून घालायचा असतो. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर. टेबलावर सपाट ठेवून रुंदी मोजा आणि दुप्पट करा. २४ सेंटिमीटर रुंदी म्हणजे ४८ चा घेर. मायक्रोफायबर आणि मेरिनो ताणले जातात, त्यांना हे चालतं. फ्लीस कमी ताणला जातो, त्यामुळे तो रुंदीला २६-२८ तरी हवा, नाहीतर रोज कान ओढून घालावा लागेल.

उंचीला जास्त महत्त्व द्या. २५-३० सेंटिमीटरचा आखूड नग फक्त गळा झाकतो, नाकावर ओढला की मागून मान उघडी पडते. सायकलवर आपण पुढे वाकून मान वर करतो, त्यामुळे आरशासमोर उभं राहून बरोबर बसलेला नग सायकलवर आखूड पडतो. ५० सेंटिमीटरच्या आसपासचा लांब नग घ्या. त्याची दुहेरी घडी होते, नाकापर्यंत येतो, गरज पडली तर मागून टोपीसारखा डोक्यावरही घेता येतो.

गळ्यात घातल्यावर दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. घट्ट नग मानेवर रुततो आणि वाकल्यावर गिळतानाही जाणवतो. फार सैल झाला तर वारा वरून आत उतरतो आणि नाकावर ओढलेला नग पहिल्या गतिरोधकावर खाली येतो.

५. दुकानातच करून बघायच्या गोष्टी

जॅकेट घाला, नेक वॉर्मर घाला, हेल्मेट चढवा, पट्टा लावा, चष्मा लावा. मग:

*फुंकर.* कापड तोंडासमोर धरून जोरात फुंका, पलीकडे हात ठेवा. हवा सहज आरपार गेली तर वाराही जाईल. काहीच गेली नाही तर श्वास कोंडेल. दाब जाणवून थोडी हवा जायला हवी.

*खांद्यावरून मागे बघणं.* सायकलच्या हँडलवर असल्यासारखे पुढे वाका आणि उजव्या खांद्यावरून मागे बघा. कापड मानेबरोबर वळलं पाहिजे. ते जॅकेटच्या कॉलरमध्ये अडकून डोळ्यापर्यंत येत असेल तर परत द्या. मुंबई नाक्याला उजवीकडे वळताना मागचं दिसणं उबेपेक्षा महत्त्वाचं.

*चष्मा.* नाकावर ओढून दहा-बारा मोठे श्वास सोडा. चष्म्यावर धुकं आलं तर कापडाची वरची कड नाकाच्या हाडावर न ठेवता नाकपुड्यांच्या जरा वर ठेवून बघा. तरीही येत असेल तर तो नग चष्मेवाल्यांसाठी नाही.

*शिवण.* बोट आतून फिरवा. शिवणीची जाड कड कंठावर किंवा कानामागे, हेल्मेटच्या पट्ट्याखाली येत असेल तर दोन तासांनी तिथे लाल वळ उठतो.

*एका हातानं.* फक्त डाव्या हातानं नाकावरून हनुवटीखाली ओढा आणि परत वर घ्या. चालत्या सायकलवर तुम्हाला हेच करायचं आहे. बंद, दोरी, गाठ लागणारे नग इथे नापास होतात.

*मूठ.* चुरगळून मुठीत धरा. मूठ मिटली तर खिशात जाईल. मिटत नसेल तर ऊन चढल्यावर तो हँडलला बांधून फिरावं लागेल.

६. नेहमीचे सापळे

मोटरसायकलचा बालाक्लावा सायकलला वापरू नका. तो फुल-फेस हेल्मेटच्या आत, बसून राहणाऱ्या माणसासाठी केलेला असतो. सायकलवर त्यात डोकं उकडतं, आणि जाड कापड कानांवर घट्ट बसल्यामुळे मागून येणाऱ्या गाडीचा आवाज दबतो. आजीची माकडटोपी हेल्मेटखाली घालणाऱ्यांनाही हेच लागू. आजीला वाईट वाटू नये म्हणून गेटपर्यंत घाला.

जाड कापड हेल्मेटखाली घ्यायला लागलं की लोक हेल्मेटच ढिलं करतात. तसं करू नका. हेल्मेट हललं तर पडल्यावर त्याचा उपयोग उरत नाही. कान झाकायचेच असतील तर पातळ मायक्रोफायबर घ्या, हेल्मेटचं माप बदलू नका.

मफलर वापरत असाल तर लोंबती टोकं हा खरा धोका आहे. पुढच्या चाकात किंवा चेनमध्ये टोक गेलं तर सायकल थांबते आणि मान ओढली जाते. गाठ पुढे मारू नका, टोकं मागे नेऊ नका, दोन्ही छातीवर आडवी करून जॅकेटची चेन वर ओढा.

नेक वॉर्मर म्हणजे मास्क नव्हे. शेकोटीचा धूर, हायवेवरच्या ट्रकचा धूर, कारखान्याजवळची धूळ यांतलं बारीक काही त्यात गाळलं जात नाही. दमा असेल तर मात्र नाक-तोंडावरचा पातळ थर फायद्याचा ठरतो. थंड कोरड्या हवेनं दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आकसतात, आणि कापडाआड हवा थोडी गरम आणि दमट होऊन आत जाते. पण तो औषधाला पर्याय नाही. इनहेलर खिशात ठेवा आणि थंडीतल्या राइड सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

काळ्या रंगाचा हट्टही सोडा. सूर्योदयाआधी तुम्ही अंधारात असता. पिवळा, केशरी किंवा चमकणारी पट्टी असलेला घ्या. मागच्या लाल दिव्याची जागा अर्थात तो घेऊ शकत नाही.

७. कुठे आणि कितीला

मायक्रोफायबर साधारण १५० ते ४०० रुपये, फ्लीस ३०० ते ७००, मेरिनो हजाराच्या पुढे. परदेशी नावाचा शिक्का असेल तर दुप्पटही.

शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये फ्लीस आणि विणलेले नग भरपूर मिळतात, भावही करता येतो. असल्या बाजारातला बराचसा माल लुधियानाचा असतो, त्यात वाईट काही नाही, फक्त ‘प्युअर वुलन’ म्हटलं की लेबल मागा. मेरिनो मात्र खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात किंवा ट्रेकिंगचं सामान ठेवणाऱ्यांकडे बघा. सायकलच्या विभागात नसेल तर ट्रेकिंग, धावणं, स्कीइंग या विभागांत शोधा. तोच नग तिथे कधीकधी कमी किमतीत असतो.

ऑनलाइन घेणार असाल तर लांबी-रुंदी, जीएसएम आणि कापडाची टक्केवारी लिहिलेली नसेल तर घेऊ नका. ‘मेरिनो ब्लेंड’मध्ये मेरिनो दहा टक्केही असू शकतं. अशा गळ्या-तोंडाच्या वस्तू काही ठिकाणी परत घेत नाहीत, तेही आधी वाचा.

पहिल्यांदाच घेत असाल तर: एक लांब मायक्रोफायबर, दोनेकशे रुपयांचा. पंधरा दिवस तोच दुहेरी करून वापरा. तरीही गळा गार पडत असेल तरच मेरिनोचे पैसे काढा. पुष्कळांना दुसऱ्या नगाची गरज पडतच नाही.

८. रस्त्यावर कसा वापरायचा

आधी नेक वॉर्मर, मग जॅकेटची चेन, मग हेल्मेट, शेवटी चष्मा. कापडाचं खालचं टोक जॅकेटच्या आत गेलं पाहिजे, बाहेर राहिलं तर वारा खालून फुगवतो. हेल्मेटचा पट्टा कापडावरून येऊ द्या, म्हणजे खालचं कापड वर-खाली सरकतं.

पहिली पाच-दहा मिनिटं नाक झाकून चालवा. अंग तापलं की नाक मोकळं करा, हनुवटीपर्यंत ठेवा. चढ आला की पूर्ण खाली. उतार सुरू व्हायच्या आधी, वेग येण्यापूर्वी, पुन्हा वर. श्वासानं तोंडावरचा भाग ओला होतो, तेव्हा नळी गळ्याभोवती फिरवून कोरडा भाग पुढे आणा. लांब नगाचा हाही एक फायदा.

पूर्ण काढायचा असेल तर हेल्मेट उतरवावं लागतं, म्हणून थांबूनच काढा. बहुतेकांच्या राइडला तसा थांबा असतोच: अंजनेरीच्या फाट्यावर चहा किंवा परतताना मिसळ. मिसळीच्या आधी तर काढाच. काळ्या रश्श्याचा डाग मेरिनोवरून जात नाही. ओला नग प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, जर्सीच्या मधल्या खिशात मोकळा ठेवा, घरी येईपर्यंत अंगाच्या उबेनं निम्मा वाळतो.

९. धुणं आणि ठेवणं

मायक्रोफायबर रोज आंघोळीच्या वेळीच साबणानं चोळून टाका, दुपारपर्यंत वाळतो. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम पसरवायची ताकद कमी होते. मेरिनो तीन-चार राइडनंतर धुतला तरी चालतो, मध्ये सावलीत हवेवर टाकायचा. धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि आडवा पसरून सावलीत वाळवायचा. दोरीवर टांगला तर लांब होतो. मशीनमध्ये जॅकेटबरोबर टाकलात तर वेल्क्रो आणि चेन त्याचा जीव घेतील.

महाशिवरात्रीनंतर थंडी ओसरली की मेरिनो आणि फ्लीस धुऊन, पूर्ण कोरडे करून ठेवा. लोकरीला कसर लागते, म्हणून बंद डब्यात डांबराच्या गोळ्या किंवा कडुनिंबाची वाळलेली पानं टाका. मायक्रोफायबरचा मात्र आत ठेवू नका. मार्चपासून तोच पाण्यात भिजवून गळ्यात घालायचा आहे, त्र्यंबक रोडच्या उन्हात.